आत जाताना ताठ, आत गेल्यावर सैल: फ्लॉसिंगचं हातातलं साधन कसं घडवावं

दाताला पाच बाजू असतात. त्यातल्या तीन ब्रशने घासल्या जातात: गालाकडची, जिभेकडची आणि चावायची. शेजारच्या दाताला टेकलेल्या उरलेल्या दोन बाजूंना ब्रशचे केस पोचतच नाहीत. कीड आणि हिरड्यांची सूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. आपल्या सांगली-मिरजेकडे उसाचा चोथा, भडंगातले शेंगदाणे, तासगावचा बेदाणा, रविवारचं मटण असं सगळं त्याच फटीत जाऊन बसतं, आणि जेवण झालं की माणूस काडी नाहीतर टाचणी शोधायला लागतो. जुन्या माणसांच्या कमरेच्या जुडग्यात कानकोरण्याशेजारी दातकोरणं असायचंच. त्याने अडकलेला कण निघतो, पण दाताच्या बाजूला चिकटलेला जंतूंचा पातळ थर तसाच राहतो. तो पुसून काढायला दोराच, म्हणजे फ्लॉस, लागतो.

बोटांनी दोरा वापरायची पद्धत अशी: सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताठ धरायचा, हळू मागेपुढे करत फटीत उतरवायचा, मग एका दाताला वळसा घालून वरखाली पुसायचा आणि शेजारच्या दाताला तसंच करायचं. तरुण, सडपातळ बोटांना हे आठवड्याभरात जमतं. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला जमत नाही. एका हाताला लकवा असलेल्याला तर मुळीच नाही. वर्षानुवर्षं मावा-सुपारी खाऊन ज्याचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं त्याचीही तीच गत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण सुपारीने गालाच्या आतली कातडी आखडलेली माणसं आजही आपल्या घरात, गल्लीत आहेत.

अशांसाठी मूठ असलेलं साधन लागतं. दुकानात प्लॅस्टिकच्या छोट्या काड्या मिळतात, त्या पुढच्या दातांना चालतात. मागच्या दाढांना मात्र त्या अपुऱ्या पडतात, आणि याचं कारण आकारापेक्षा ताणात आहे. दोरा फटीत शिरताना ताठ हवा आणि शिरल्यावर सैल हवा. ताठ नसेल तर तो आत जात नाही, सैल नसेल तर दाताला वळसा घालत नाही, नुसता मधून वरखाली होतो. हातातलं साधन घडवायचं म्हणजे या दोन्ही मागण्या एकाच यंत्रात बसवायच्या. खालचं सगळं मार्गदर्शन त्याच एका गोष्टीभोवती आहे. घरी किंवा कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करता येईल इतपतच ते ठेवलं आहे.

आधी माणूस मोजा

कागदावर रेघ ओढण्याआधी साधन कुणासाठी आहे ते ठरवा. "सगळ्यांसाठी" असं ठरवलंत तर ते कुणालाच नीट बसणार नाही. एक माणूस निवडा आणि त्याची चार मापं घ्या.

पहिलं, तोंड किती उघडतं. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा. प्रौढ माणसात ते बहुधा ४० ते ५० मिमी भरतं. स्वतःची तीन बोटं उभी मावली तर ठीक. ३५ मिमीच्या खाली असेल तर साधनाचं डोकं बुटकं करावं लागेल, आणि दंतवैद्याला दाखवलं नसेल तर आधी ते करावं.

दुसरं, शेवटची दाढ ओठापासून किती आत आहे. ब्रशच्या दांडीवर रबरबँड चढवा, ब्रशचं टोक शेवटच्या दाढेला टेकवा आणि रबर ओठापर्यंत सरकवा. बाहेर काढून मोजलेलं अंतर म्हणजे साधनाच्या मानेची किमान लांबी. त्यात एक सेंटिमीटर वाढवून धरा. बहुतेकांना ६५ ते ७० मिमीची मान पुरते.

तिसरं, दाढेची रुंदी, गालापासून जिभेपर्यंतची. पहिली दाढ साधारण १० ते ११ मिमी रुंद असते. दंतवैद्याकडे तुमच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा असेल तर तो मागून घ्या आणि व्हर्नियरने मोजा. पुढे चाचणीलाही त्याचाच उपयोग होणार आहे. साचा नसेल तर दंतवैद्यक शिकणारी मुलं सरावाला वापरतात ते दातांचं मॉडेल कामाला येतं.

चौथं माप हाताचं. ओला टॉवेल पिळताना, किल्ली फिरवताना, चमचा धरताना त्या माणसाकडे नीट बघा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोर नसेल पण पूर्ण मूठ आवळता येत असेल, तर साधनाची दांडी बारीक ठेवून उपयोग नाही.

इथे एक गोष्ट मागच्या दाढांबद्दल, जी डिझाइन करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. तोंड पूर्ण वासलं की खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं टोक पुढे सरकतं आणि वरच्या मागच्या दाढेशेजारची गालातली जागा खाऊन टाकतं. म्हणून तर दंतवैद्य मध्येच "थोडं मिटा" म्हणतात. वरच्या दाढांसाठी साधन अर्धवट मिटलेल्या तोंडात शिरायला हवं. त्यामुळे डोक्याची उंची आणि गालाकडच्या फाट्याची (दोरा ताणून धरणाऱ्या काट्याची) जाडी या दोन मापांत प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे. मुठीत तुम्ही हवी तेवढी चैन करा.

डोक्याचा आकार

दोन आकार प्रचलित आहेत. एकात दोरा दांडीच्या रेषेतच ताणलेला असतो, जसा करवतीच्या चौकटीत पाता असतो. त्याने पुढचे दात उत्तम साफ होतात, पण दाढांपाशी दांडी गालात आडवी घालावी लागते आणि ओठाचा कोपरा ताणला जातो. दुसऱ्यात दांडी समोरून येते आणि टोकाला दोन फाटे असतात, एक गालाकडे, एक जिभेकडे, मध्ये दोरा आडवा. दाढांसाठी हाच आकार घ्या. पुढच्या दातांनाही तो चालतो.

फाट्यांमधलं अंतर १८ मिमी ठेवा. दाढ १०-११ मिमीची, दोन्ही बाजूंना साडेतीन-चार मिमी मोकळी जागा. याहून कमी ठेवलं तर फाटा हिरडीला किंवा दाताला घासतो. २२-२४ मिमी केलं तर गालाकडचा फाटा गालात रुततो, आणि दोरा जितका लांब तितका जास्त झोळतो.

फाट्यांची उंची कशी ठरते ते पाहा. दाढेचा हिरडीवरचा भाग साडेसात मिमीच्या आसपास. निरोगी हिरडीची कड दाताला १ ते ३ मिमी सुटी असते, त्यात दोरा दोनेक मिमी उतरायला हवा. दोऱ्याचा झोळ तीन मिमी धरा. बेरीज साडेबारा. म्हणून उंची १४ मिमी. वयस्क माणसाच्या हिरड्या खाली सरकलेल्या असतील तर दात लांब दिसतो, तिथे १६ घ्या. तोंड कमी उघडणाऱ्यासाठी १२ पर्यंत उतरावं लागतं, पण मग झोळ कमी ठेवण्याची सगळी जबाबदारी ताणावर येते.

पहिला नमुना लगेच करून बघा. दोन मिमीची तार पकडीने वाकवा, फाट्यांचा आकार द्या, टोकं गोल करून वळवा, दांडीला एमसीलचा गोळा लावा आणि बाजारातलाच फ्लॉस बांधा. प्लॅस्टरच्या साच्यावर तो फिरवला की दहा मिनिटांत कळतं मान कुठे वाकवायला हवी. दांडी आणि डोकं सरळ रेषेत ठेवलं तर हात पुढच्या दातांना आपटतो. मानेला डोक्याकडे १० ते १५ अंशांचा बाक दिला की हात खाली राहतो. गंज धरणारी तार तोंडात घालायची नाही, हा नमुना फक्त साच्यासाठी.

ताणाचा हिशेब

इथे सावकाश जाऊया, कारण साधन चांगलं की वाईट ते याच हिशेबावर ठरतं.

१८ मिमीच्या दोऱ्याच्या मधोमध दात टेकलाय आणि तुम्ही साधन एक किलोच्या जोराने खाली दाबताय असं धरा. दोरा मध्यभागी तीन मिमी झोळला, तर दोऱ्यात सुमारे १.६ किलोचा ताण येतो. तोच दोरा फक्त एक मिमी झोळू द्यायचा असेल तर ताण साडेचार किलोच्या वर जातो. अजिबात झोळू न देणं अशक्यच, कारण त्याला अमर्याद ताण लागेल. "दोरा एकदम कडक हवा" हा हट्ट म्हणूनच सोडून द्यायचा. कडकपणाच्या प्रत्येक जादा मिलिमीटरची किंमत फाटे, खुंटी आणि दोरा मोजतात.

आता उलट बाजू. दोऱ्याच्या ताणाने फाटे आत झुकतात. प्रत्येक फाट्याचं टोक फक्त अर्धा मिमी आत आलं, की दोरा तेवढ्यानेच जवळजवळ तीन मिमी झोळतो. डोळ्याला अर्धा मिमी दिसतही नाही. स्वस्त साधनांत दोरा "ढिला पडतो" अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा दोरा तसाच असतो, वाकलेला असतो तो फाटा.

फाटा किती वाकेल ते जाडीवर आणि पदार्थावर अवलंबून. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा १४ मिमी उंच, ३ मिमी रुंद आणि दोऱ्याच्या ओढीच्या दिशेने ३ मिमी जाड फाटा १.६ किलोच्या ताणाला टोकाशी दीड मिमी वाकतो. जाडी ४ मिमी केली तर ०.६५ मिमीच. वाकणं जाडीच्या घनाने कमी होतं, त्यामुळे एका मिमीत एवढा फरक. डेलरिन या जास्त ताठ प्लॅस्टिकचा तोच ४ मिमीचा फाटा सुमारे ०.३३ मिमी वाकतो. ३ मिमी व्यासाची स्टेनलेसची सळई घेतली तर ०.०२ मिमी, म्हणजे वाकतच नाही म्हणा.

माझं मत स्टेनलेसच्या फाट्यांकडे झुकतं. ३०४ किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची ३ मिमी सळई यू आकारात वाकवली की फाटे आणि मधला दुवा एकाच तुकड्यात होतात, कुठे जोड नाही, कुठे तुटायला जागा नाही. डोकं बाहेरून मोजलं तर २४ मिमी रुंद होतं, ४ मिमी प्लॅस्टिकच्या फाट्यांनी ते २६ होतं. गालातले ते दोन मिमी जाणवतात. शिवाय प्लॅस्टिकवर ताण कायम ठेवला तर ते हळूहळू कायमचं वाकतं, पोलादाला तो त्रास नाही. विक्रीसाठी हजारोंनी करायचं असेल तर गणित बदलेल, साच्यातलं प्लॅस्टिकच परवडेल. पण एका माणसासाठी, दहा-पंधरा वर्षं चालणारं करायचं असेल तर पोलाद.

आता ढील. दोरा आत गेल्यावर दाढेला वळसा घालायला किती जादा दोरा लागतो? दाढेची बाजू १० मिमी सपाट धरा. दोन मिमी ढील दिली तर दोरा बाजूला चिकटून दोन्ही कोपऱ्यांवरून तीन मिमी मागे वळतो. एक मिमीच दिली तर दोन मिमी वळतो. वळसा म्हणजे एवढंच, पण हे दोन-तीन मिमीच कोपऱ्यातला थर काढतात. म्हणून हवी ती ढील १ ते २ मिमी. यापेक्षा जास्त दिलीत तर दोरा हिरडीवर लोळायला लागतो.

दोरा ताणायची खुंटी

मिरजेच्या माणसाला तार ताणायची कशी हे शिकवायला नको. शिकलगार मंडळींनी शस्त्रांना धार लावता लावता एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची खुंटी निमुळती असते आणि निमुळत्या भोकात घट्ट बसते. फिरवताना आत दाबली की तिथेच थांबते, ना स्क्रू ना स्प्रिंग. खाली घोडीपलीकडे तारेत ओवलेला मणी सरकवून स्वर बारीक जुळवतात. आपल्या साधनाला हीच विभागणी हवी: मोठा ताण खुंटीने, बारीक फेरफार दुसऱ्या भागाने.

खुंटी डेलरिनची करा, ६ मिमी व्यासाची, डोकं १५ मिमीचं चपटं म्हणजे आखडलेल्या बोटांनाही फिरेल. भोकाला वर्कशॉपमध्ये मिळणारं १:५० चं टेपर रीमर (निमुळतं भोक कातायचं हत्यार, ५० मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो) चालवा आणि खुंटी लेथवर त्याच टेपरला काढून घ्या. दोऱ्याचा ताण १.६ किलो आणि खुंटीची त्रिज्या ३ मिमी, म्हणजे तिला अडवायचं बळ अगदी किरकोळ आहे. साधं घर्षण ते सहज पेलतं. खुंटीच्या टोकाला एक कडी किंवा अडसर ठेवा, म्हणजे ती निसटून तोंडात पडणार नाही.

दोऱ्याला गाठ मारायची गरज नाही. खुंटीभोवती दोऱ्याचे वेढे घेतले की घर्षणच त्याला धरून ठेवतं, आणि वेढ्यागणिक पकड पटीने वाढते. साध्या दोऱ्याला दोन पूर्ण वेढ्यांनंतर मोकळ्या टोकावर ताणाचा साधारण बारावा हिस्साच उरतो. मेण लावलेला दोरा निसरडा, त्याला चार वेढे द्या. शेवट खुंटीतल्या बारीक चिरेत अडकवला की झालं. दुसऱ्या टोकालाही अशीच न फिरणारी, वेढे घ्यायची छोटी खुंट ठेवा. संधिवाताच्या माणसाला सर्वात जास्त छळतं ते गाठ बांधणं, ते इथे टळतं.

अंगठ्याचा दट्ट्या

आता मण्याचं काम. दोरा दोन्ही फाट्यांच्या पाठीवरून खाली येतो, मानेवरच्या खाचेतून मुठीकडे जातो. एका बाजूचा दोरा मुठीत एका छोट्या पिनेला वळसा घालून खुंटीकडे वळवा. ही पिन अंगठ्याच्या दट्ट्यावर बसवलेली असेल. दट्ट्या दाबला की पिन एक मिमी पुढे सरकते, आणि दोरा तिच्याभोवती उलटा फिरलेला असल्यामुळे दोन्ही पदरांचा मिळून दोन मिमी दोरा सुटतो. म्हणजे हवी तेवढीच ढील. दट्ट्याखाली अडसर ठेवून चाल एक मिमीवरच थांबवा, तिथे स्क्रू ठेवला तर ढील कमीजास्त करता येते.

न दाबता दोरा ताठ, दाबल्यावर सैल, की उलट? उलट पद्धतीत एक फायदा आहे: हात सुटला तर दोरा आपोआप सैल पडतो. पण मग प्रत्येक फटीत शिरताना जोर लावून दाबून ठेवावं लागतं, आणि २८ दातांच्या तोंडात ते दुखऱ्या अंगठ्याला फार होतं. म्हणून मी पहिली पद्धत घेईन. स्प्रिंगचं बळ दोऱ्याच्या ताणाच्या दुपटीपेक्षा थोडं जास्त हवं, म्हणजे १.६ किलोच्या ताणाला साडेतीन किलोच्या आसपास, कारण पिनेवर दोन्ही पदर ओढत असतात. एवढं बळ थेट अंगठ्यावर येऊ देऊ नका. दट्ट्याची अंगठ्याकडची बाजू टेकूपासून पाचपट लांब ठेवा, मग अंगठ्याला पाऊण किलोपेक्षाही कमी लागतं. टेकूपासून पिन ६ मिमीवर असेल तर अंगठ्याची जागा ३० मिमीवर येते आणि चाल ५ मिमी होते, बोटाला कळेल इतकी.

एकाच घरासाठी करत असाल तर पहिल्या आवृत्तीत दट्ट्या वगळा. खुंटी एक-दीड मिमी ढील राहील इतपतच फिरवा, बाकी काम हाताच्या सवयीने होतं. दट्ट्या नंतर घालता यावा म्हणून मुठीत जागा मात्र सोडून ठेवा.

फाट्याचं टोक

दोरा टोकावरून काटकोनात वळतो. तिथलं घर्षण जास्त असेल तर मुठीत सोडलेली ढील दातापर्यंत पोचतच नाही, टोकाशी अडकून बसते. त्यामुळे टोक हा छोटासा भाग सर्वात जास्त मेहनतीचा आहे. आधी सळईचं टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून बारीक कानशीने अर्धगोल करा. मग अर्धा मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच घ्या, वर्तुळाकार, टोकावरून पाठीकडे उतरणारी. खाचेच्या कडा मारायलाच हव्यात, नाहीतर दोरा तिथेच कुरतडला जातो. पॉलिश पेपर ४०० पासून चढत १५०० पर्यंत न्या, आणि खाचेच्या आत तोच पेपर सुतळीला चिकटवून ओढा. शेवटी बफिंग. टोक स्वतःच्या ओठांवरून, गालाच्या आतून फिरवून पाहा. जरा जरी खरखर लागली तरी पुन्हा पेपर.

दोरा नेणाऱ्या खाचा उघड्याच ठेवा, बोगदे करू नका. बोगद्यात लाळ आणि कण साचतात आणि ते ब्रशने निघत नाहीत.

दोरा आणि मूठ

१८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्म्ली या दंतवैद्याने दातांच्या फटींसाठी मेण लावलेला रेशमी दोरा सुचवला होता. रेशीम लवकर तुटतं, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यात नायलॉन आलं. आज नायलॉनच्या अनेक तंतूंचा दोरा आणि पीटीएफईची (टेफ्लॉनची) निसरडी पट्टी, असे दोन मुख्य प्रकार मिळतात. या साधनाला मेण लावलेलं नायलॉन घ्या. ते वेढ्यांत धरतं आणि दाताला घासताना तंतू पसरून थर चांगला पुसतात. पीटीएफई फार घट्ट फटींना बरं, पण खुंटीवर घसरतं. शिवणाचा दोरा किंवा मासेमारीची नायलॉन तंगूस वापरू नका. तंगूस एकाच तंतूची आणि कडक असते, हिरडी कापते.

लांबीचा हिशेब: फाट्यांमधले १८ मिमी, दोन फाटे मिळून २८, मानेवरून येणारे दोन पदर १३० ते १४०, आणि दोन्ही टोकांचे वेढे. एकूण ३५ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. खुंटीवर जास्त दोरा गुंडाळून दुसरीकडे ओढून घेत गेलात तर थोड्या थोड्या दातांनंतर स्वच्छ भाग पुढे आणता येईल. त्याला दुसरी फिरणारी खुंटी लागेल.

मुठीबद्दल फार लिहायचं नाही. १०० ते ११० मिमी लांब, तिरका अंडाकृती छेद, म्हणजे अंधारातही डोकं कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. कमजोर पकडीसाठी ३० मिमी जाड. नमुन्याला सायकलची रबरी मूठ चढवून जाडी जोखता येते, सायकलच्या दुकानात ती मिळतेच. नंतर तीच जाडी डेलरिनमध्ये काढून घ्या.

३डी प्रिंटचं काय

आकार पाहायला, मूठ जोखायला, साच्यावर फिरवायला प्रिंट करून घ्या, वेळ वाचतो. तोंडात वापरायचं साधन म्हणून नको. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, साठेक अंशांनाच मऊ पडतं, उकळत्या पाण्यात ते टिकत नाही. थरांमधल्या बारीक चिरांत जंतू बसतात. आणि थरांच्या जोडावरच फाटा तुटतो, तोही नेमका ताण जास्त असताना. डेलरिन आणि स्टेनलेस दोन्ही उकळता येतात.

साच्यावरची परीक्षा, मग तोंडातली

मैद्याची पातळ खळ करा, त्यात खायचा लाल रंग घाला आणि साच्यातल्या दातांच्या बाजूंना बारीक ब्रशने लावून वाळू द्या. मग साधन चालवा. साचा सुटे दात निघणारा असेल तर दाढ काढून बघा, नसेल तर छोट्या आरशाने. मध्यभागी पांढरा पट्टा आणि दोन्ही कोपऱ्यांत लाल राहिलं तर ढील कमी आहे. वर साफ, हिरडीच्या रेषेपाशी लाल, तर फाटे बुटके आहेत किंवा झोळ जास्त आहे. एकाच बाजूचा कोपरा राहत असेल तर एका टोकाची खाच अडवते आहे, तिला पुन्हा पेपर मारा. ही परीक्षा इतकी बोलकी आहे की प्रत्येक बदलानंतर ती करायलाच हवी.

ताकदीची परीक्षा सामानाच्या टांगत्या काट्याने करा. फाट्यांवर दोरा चढवून मधोमध आकडा लावा आणि ओढत जा. नियम एकच: आधी दोरा तुटला पाहिजे, फाटा कधीच नाही. फाटा आधी तुटत असेल किंवा कायमचा वाकत असेल तर ते साधन कुणाच्याही तोंडात जाऊ नये.

तोंडात पहिल्यांदा स्वतः वापरा. दोरा फटीवर ठेवून सरळ दाबू नका, करवतीसारखा अगदी कमी मागेपुढे करत उतरवा. खट्कन आत गेला तर हिरडीवर आपटतो. आत गेल्यावर दट्ट्या दाबा, साधन स्वतःकडे ओढून एका दाताला वळसा द्या, पाच-सहा वेळा वरखाली. मग साधन मागे ढकलून दुसऱ्या दाताला तसंच. दट्ट्या सोडून बाहेर. दोन-चार फटींनंतर डोकं नळाखाली धुवा. दिवसातून एकदा पुरे, रात्री झोपण्याआधी.

सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त येणं हे बहुधा सुजेमुळे असतं आणि नेमाने पुसत राहिल्यावर कमी होतं. आठवडा-दोन आठवड्यांत थांबलं नाही, किंवा माणूस रक्त पातळ करायची औषधं घेत असेल, तर दंतवैद्याला विचारूनच पुढे जा. ज्यांच्या हिरड्या खाली सरकून दातांमध्ये मोठ्या फटी पडल्या आहेत, त्यांना दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश जास्त उपयोगी. कॉक्रेन या संस्थेने आधीचे अभ्यास एकत्र तपासून २०१९ मध्ये काढलेल्या आढाव्याचाही कल तिकडेच होता, आणि नुसत्या ब्रशपेक्षा जोडीला दोरा वापरल्याने हिरड्यांची सूज कमी होऊ शकते असंही त्यात म्हटलं आहे. म्हणून डोकं मानेपासून सुटं करता येईल असं ठेवलंत, तर त्याच मुठीवर पुढे ब्रशही बसवता येईल. त्यासाठी मानेच्या टोकाला एम ४ चे (४ मिमी व्यासाचे) आटे पुरतात.

वापर झाला की दोरा काढून टाका, दुसऱ्या दिवशी नवा. साधन घासून, झटकून, डोकं वर करून वाळवा, ओल्या डब्यात बंद करू नका. खुंटी सैल ठेवा. एकाचं साधन दुसऱ्याने वापरायचं नाही. घरात दोघांना लागत असेल तर दोन डोकी करा आणि त्यांना वेगवेगळ्या रंगाच्या कड्या लावा.

पुढे विकायचं असेल तर

भारतात वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत आणि त्यात जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग आहेत. साचा बनवायला पैसे घालण्याआधी तुमचं साधन त्यात कसं मोडतं ते केंद्रीय औषध नियंत्रण कार्यालयाकडून पक्कं करून घ्या, कारण कच्च्या मालाच्या नोंदी आणि लेबलिंग त्यावरच ठरतं.

दट्ट्याची रचना तुमची स्वतःची आणि नवी असेल तर पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी करा. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. नुसता बाह्य आकार वेगळा असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते, १० वर्षांची, आणि ती पुढे ५ वर्षं वाढवता येते. कॉलेजच्या प्रदर्शनात मांडणं, मोबाइलवर व्हिडिओ टाकणं, दुकानदाराला नमुना देणं, हे सगळं अर्जाची पावती हातात आल्यावर करा. आधीच उघड केलेली रचना नवी धरली जात नाही.